स्टीफन हिस्लॉप

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर, १८१७ : डन्स, स्कॉटलंड - ४ सप्टेंबर, १८६३ : टाकळघाट-बोरी परिसर, नागपूर जिल्हा) हे स्कॉटिश ख्रिस्ती धर्मोपदेशक, शिक्षक आणि हौशी भूवैज्ञानिक होते. नागपूर, चांदा (सध्याचे चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे) आणि प्राणहिता नदीचे खोरे या प्रदेशांतील जीवाश्मांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही संशोधकांमध्ये त्यांची गणना होते. ओढ्यांचे काठ, नदीपात्रे आणि दगडांच्या खाणी यांतून त्यांनी जमवलेल्या नमुन्यांमुळे मध्य भारतातील खडकांच्या वयाचा प्रश्न प्रथमच पुराव्यानिशी चर्चेत आला. गोंड समाजाविषयीच्या त्यांच्या टिपणांनाही मानववंशशास्त्रात स्थान आहे. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते.

बालपण आणि शिक्षण

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील बेरिकशायर परगण्यातील डन्स या गावी झाला. त्यांचे वडील गवंडीकाम करीत. अलेक्झांडर हिस्लॉप हे धर्मविषयक लेखक त्यांचे थोरले बंधू होत. स्टीफन यांचे उच्च शिक्षण एडिंबरा आणि ग्लासगो येथील विद्यापीठांत झाले. १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये फूट पडून फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड हा स्वतंत्र पंथ निर्माण झाला. हिस्लॉप या नव्या चर्चमध्ये सामील झाले आणि त्याच्या वतीने भारतात काम करण्याची जबाबदारी त्यांनी पत्करली.

त्या काळी नागपूर हे भोसल्यांचे संस्थान होते. मद्रास लष्करातील विल्यम हिल या अधिकाऱ्याने दिलेल्या देणगीतून तेथे मिशन सुरू करण्याचे ठरले होते. हिस्लॉप आणि त्यांच्या पत्नी इरास्मा १८४४ च्या डिसेंबर महिन्यात मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरास पोहोचले.

नागपुरातील शैक्षणिक कार्य

हिस्लॉप यांनी प्रथम मराठी भाषा शिकून घेतली. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा सुरू केली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून नागपुरास आले. या शाळेच्या परंपरेतूनच पुढे १८८३ मध्ये महाविद्यालय स्थापन झाले आणि त्यास हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. हंटर १८५५ मध्ये मायदेशी परतले. पुढे त्यांनी इंग्रजीतील एका मोठ्या ज्ञानकोशात्मक शब्दकोशाचे संपादन केले.

रघूजी भोसले (तिसरे) यांच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूर संस्थान खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. या सर्व स्थित्यंतरांच्या काळात, मायदेशी घालवलेली रजा वगळता, हिस्लॉप नागपुरातच कार्यरत होते. अध्यापन आणि धर्मोपदेश ही त्यांची मुख्य कामे होती. कोरड्या ऋतूतील प्रवास आणि कामातून मिळणारा मोकळा वेळ यांत त्यांनी भूविज्ञानाचा अभ्यास केला.

प्रदेशाची भूवैज्ञानिक पार्श्वभूमी

नागपूरपासून दक्षिणेस चंद्रपूर आणि सिरोंचापर्यंतच्या पट्ट्यात अगदी वेगवेगळ्या काळांतील खडक थोड्या अंतरात आढळतात. पश्चिमेकडे दख्खनच्या ट्रॅपचा काळा बेसाल्ट आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये ठिकठिकाणी तळ्यांतील गाळाचे पातळ थर सापडतात. त्यांना आंतर-ट्रॅप थर म्हणतात. बेसाल्टच्या खाली लमेटा थर आणि त्याखाली गोंडवन संघाचे वालुकाश्म, शेल व कोळसा आहे. बहुतेक सपाट प्रदेश काळ्या मातीने, तर पूर्व व दक्षिण भाग घनदाट वनाने झाकलेला आहे. त्यामुळे मूळ खडक उघडा दिसतो तो प्रामुख्याने ओढ्यांच्या दरडींत, नदीपात्रांत, टेकड्यांच्या उतारांवर आणि खाणींत.

ओढ्याच्या पात्रातील जीवाश्माची ओळख पटवणे दोन कारणांनी अवघड असते. पहिले म्हणजे पात्रातील सुटा दगड प्रवाहाबरोबर दुरून आलेला असू शकतो. तो कोणत्या थरातून निखळला, हे प्रवाहाच्या वरच्या दिशेने शोध घेऊन निश्चित केल्याशिवाय त्यावरून त्या ठिकाणच्या खडकाचे वय सांगता येत नाही. दुसरे म्हणजे घासून गोलाकार झालेला हाडाचा तुकडा साध्या गोट्यासारखा दिसतो, तर खनिजाच्या संचयाने तयार झालेला गोटा कधी हाडासारखा भासतो. हाडाच्या आतील सच्छिद्र रचना, दातावरील चकाकणारे आवरण किंवा लाकडातील तंतूंची मांडणी अशा खुणांवरूनच खरा जीवाश्म वेगळा ओळखता येतो.

हिस्लॉप यांच्यापूर्वी लष्करी शल्यचिकित्सक जे. जी. माल्कमसन यांनी दख्खनच्या पूर्व भागातील ट्रॅपमधील जीवाश्मांविषयी १८३७ मध्ये निबंध सादर केला होता. प्राणहितेच्या काठावरील कोटा येथील चुनखडकातून मिळालेले माशांचे जीवाश्मही लंडनला पोहोचले होते. मात्र नागपूर संस्थानातील सर्व थरांचा परस्परसंबंध लावण्याचा प्रयत्न तोवर झाला नव्हता.

जीवाश्मांचा शोध

नागपूरजवळील टाकळी

हिस्लॉप आणि हंटर यांच्या संशोधनाला १८५१ च्या सुमारास गती मिळाली. नागपूर शहराच्या पश्चिमेस टाकळी परिसरात, बेसाल्टच्या थरांमध्ये सापडलेल्या मातीच्या खडकात त्यांना गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख आढळले. त्याच थरांतून त्यांनी पुढे फळे, बिया, लाकूड आणि कीटकांचे अवशेष मिळवले. लाव्हाच्या दोन उद्रेकांदरम्यान या भागात तळी होती आणि त्यांच्या काठी वनस्पती व प्राणी यांची वस्ती होती, हे या नमुन्यांवरून स्पष्ट झाले. येथील कीटकांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये प्रसिद्ध केले.

सिलेवाडा आणि कामठी

नागपूरच्या उत्तरेस कामठी आणि सिलेवाडा येथील वालुकाश्मात पानांचे सुस्पष्ट ठसे मिळत. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांचे प्रमाण मोठे होते. हा संग्रह चार्ल्स बनबरी यांनी अभ्यासून १८६१ मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यातील एका वनस्पतीला त्यांनी हिस्लॉप यांचे नाव दिले.

मांगली

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर, तत्कालीन चांदा प्रदेशातील मांगली येथे तांबड्या वालुकाश्मात एका प्राण्याची चपटी कवटी मिळाली. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी ती लॅबिरिंथोडाँट गटातील असल्याचे ओळखले आणि १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. हा गट आता प्राचीन उभयचरांमध्ये धरला जातो. त्याच खडकात एस्थेरिया या शिंपल्यासारखे कवच असलेल्या सूक्ष्म जलचराचे असंख्य अवशेष होते. रुपर्ट जोन्स यांनी १८६२ मध्ये त्यांतील एका जातीला मांगली गावावरून नाव दिले.

पिसदुरा

वरोऱ्याजवळील पिसदुरा येथे हिस्लॉप यांना मोठ्या प्राण्यांची हाडे आढळली. ती डायनोसॉरची आहेत, हे त्या वेळी ओळखले गेले नाही. भारतातील डायनोसॉरचे शास्त्रीय नामकरण रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये जबलपूरच्या नमुन्यांवरून सुरू केले आणि १८७९ मध्ये पिसदुरा येथील हाडांवरून टायटॅनोसॉरसच्या एका जातीचे वर्णन केले.

मालेरी आणि कोटा

प्राणहितेच्या पश्चिमेकडील मालेरी (सध्या तेलंगणा राज्यात) येथील तांबड्या मातीच्या खडकांतून हिस्लॉप यांनी माशांचे दात मिळवले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये ते सेरॅटोडस या फुप्फुसमाशाचे असल्याचे दाखवले. त्यांतील दोन जातींच्या नावांत हिस्लॉप आणि हंटर यांची नावे आहेत. युरोपात असे दात ट्रायासिक काळातील खडकांत आढळत असल्यामुळे मालेरीच्या खडकांच्या वयाचा पहिला ठोस धागा या शोधाने हाती आला. सेरॅटोडसचा जवळचा जिवंत नातेवाईक ऑस्ट्रेलियात असल्याचे शास्त्रज्ञांना १८७० मध्ये कळले. त्यापूर्वी हा गट केवळ जीवाश्मांवरूनच माहीत होता.

नदीच्या पूर्व काठावरील कोटा हे गाव सध्या गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात आहे. तेथील चुनखडकातील लेपिडोटस वंशाचे मासे मात्र जुरासिक काळाचे निदर्शक मानले जात. परस्परांच्या जवळ असलेल्या या दोन ठिकाणच्या जीवाश्मांतून दोन निरनिराळे काळ सूचित होत होते.

ओळख पटवण्याची पद्धत

नागपुरात तुलनेसाठी संग्रहालय नव्हते आणि पुरेसा ग्रंथसंग्रहही नव्हता. हिस्लॉप नमुन्याचे ठिकाण, थर आणि त्याच्या वर-खाली असलेला खडक यांची नोंद करीत. नंतर नमुने लंडन, मुंबई आणि कलकत्ता येथील तज्ज्ञांकडे पाठवीत. कवटी ओवेन यांच्याकडे, पाने बनबरी यांच्याकडे आणि माशांचे दात ओल्डहॅम यांच्याकडे अशी ही विभागणी होती. नमुना समुद्रमार्गे लंडनला पोहोचून त्याचे वर्णन छापून येईपर्यंत दीर्घ काळ जात असे.

गोड्या पाण्यातील शंखशिंपल्यांचे वर्णन मात्र हिस्लॉप यांनी स्वतः केले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी ट्रॅपशी संबंधित थरांतील अनेक नव्या जातींना नावे दिली. शिंपल्यांच्या दोन जातींना त्यांनी माल्कमसन आणि हंटर यांची नावे दिली. या निबंधात त्यांनी गोदावरीच्या मुखाकडील राजमहेंद्रीजवळच्या खाडीतील व समुद्री शंखांचीही तुलना केली. गोड्या पाण्यातील जाती सहसा एखाद्या लहान प्रदेशापुरत्या मर्यादित असतात. समुद्री जाती दूरवर पसरलेल्या असल्याने वयनिश्चितीस अधिक उपयुक्त ठरतात.

खडकांच्या वयाविषयीचे मतभेद

हिस्लॉप यांच्या संशोधनाचा गाभा हा खडकांच्या वयाचा प्रश्न होता. हा प्रश्न केवळ शास्त्रीय नव्हता. नागपूरचे वनस्पतियुक्त वालुकाश्म, उमरेठचा कोळसा आणि बंगालमधील बर्दवानचा कोळसा एकाच मालिकेतील असतील, तर त्याच खडकांच्या पट्ट्यात इतरत्रही कोळसा मिळण्याची शक्यता होती. हा संबंध हिस्लॉप यांनी १८५५ मध्ये स्वतंत्र निबंधात मांडला. ग्लॉसॉप्टेरिसची पाने हा त्यांच्या प्रतिपादनाचा मुख्य आधार होता. पुढील काळात या सर्व खडकांचा समावेश गोंडवन संघात झाला. वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्राचे सर्वेक्षण होऊन १८७० च्या दशकात वरोरा येथे सरकारी कोळसाखाण सुरू झाली.

खडक एकाच मालिकेतील असल्याचे त्यांचे अनुमान टिकले, तरी त्यांनी सुचवलेली वये टिकली नाहीत. १८५५ च्या निबंधात हिस्लॉप आणि हंटर यांनी वनस्पतियुक्त वालुकाश्म जुरासिक काळातील मानले. युरोपात ग्लॉसॉप्टेरिस आढळत नसल्याने थेट तुलनेस आधार नव्हता. आज हे वालुकाश्म पर्मियन, तर मांगलीचे थर ट्रायासिक मानले जातात. आंतर-ट्रॅप थर त्यांनी इओसीन काळात घातले. सध्याच्या कालमापनानुसार दख्खनचे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाले आणि हे थर क्रिटेशियसचा शेवट व पॅलिओसीनचा आरंभ या काळातील आहेत. म्हणजे ते हिस्लॉप यांच्या अनुमानापेक्षा सुमारे एक कोटी वर्षांनी जुने ठरले.

कोटा आणि मालेरी यांच्यातील विसंगती तर शंभर वर्षे कायम राहिली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम किंग यांनी १८८१ मध्ये हे दोन्ही थर एकाच गटात ठेवले. १९५७ पासून पॅमेला रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने या खोऱ्यात नव्याने काम सुरू केले. मालेरीचे थर ट्रायासिक आणि त्यांच्या वरचे कोटाचे थर जुरासिक आहेत, हे १९६० च्या दशकात या संशोधकांनी प्रस्थापित केले. दोन ठिकाणच्या जीवाश्मांची मूळ ओळख बरोबर होती. चूक थरांचा क्रम लावण्यात होती.

गोंड समाजाचा अभ्यास

नागपूर, चांदा आणि सातपुडा परिसरात फिरताना हिस्लॉप यांनी गोंड आणि अन्य आदिवासी समाजांविषयी माहिती जमवली. त्यांच्या हस्तलिखितांत समाजरचना, देवदेवता आणि भाषा यांविषयीची टिपणे, शब्दसूची तसेच लिंगो या सांस्कृतिक नायकाविषयीचे गोंडी कथागीत होते. हे लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते संपादित करून १८६६ मध्ये नागपूर येथे प्रकाशित केले. लिंगोच्या कथेचे छापील स्वरूपातील हे आरंभीचे संकलन आहे. ते एका परदेशी धर्मोपदेशकाने जमवलेले असल्यामुळे त्याचा वापर करताना संकलकाचा दृष्टिकोन लक्षात घेणे आवश्यक ठरते.

मृत्यू

१८६३ च्या सप्टेंबरमध्ये टेंपल यांचा तळ नागपूरच्या दक्षिणेस बोरी येथे होता. जवळच्या टाकळघाट परिसरात प्राचीन शिलावर्तुळे आहेत. ४ सप्टेंबर रोजी हिस्लॉप टेंपल यांच्यासोबत ती पाहण्यासाठी गेले. परतताना तेथील शाळेची पाहणी करण्यासाठी ते मागे थांबले आणि त्यानंतर एकटेच घोड्यावरून तळाकडे निघाले. पावसामुळे वाटेतील ओढ्याला पूर आला होता. अंधारात ओढा ओलांडताना ते बुडाले. घोडा स्वाराविना तळावर आल्यावर शोध सुरू झाला आणि त्यांचा मृतदेह सापडला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर असताना त्यांचा मृत्यू झाला.

मध्य भारतातील सरीसृपांच्या दात व हाडांच्या नव्या शोधांविषयीची त्यांची पत्रे १८६४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाली. जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १८८८ मध्ये प्रकाशित झाले.

पुढील संशोधन आणि वारसा

हिस्लॉप यांनी सुचवलेली अनेक वये बदलली, तरी त्यांनी नोंदवलेली ठिकाणे आजही संशोधनाची केंद्रे आहेत. मालेरीच्या थरांतील मगरीसारखा दिसणारा पॅरासुकस हिस्लॉपी हा सरीसृप त्यांच्या नावाने ओळखला जातो. लिडेकर यांनी १८८५ मध्ये हे नाव ज्या तुकड्यांवरून दिले, ते पुढे ओळख निश्चित करण्यास अपुरे ठरले. अखेर प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००३ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संग्रहातील अधिक पूर्ण सांगाडा या नावाचा आधारनमुना म्हणून मान्य केला.

कोटाच्या थरांतून विसाव्या शतकात बारापासॉरस टागोराय (१९७५) आणि कोटासॉरस यामनपल्लिएन्सिस (१९८८) या दोन मोठ्या शाकाहारी डायनोसॉरांचे वर्णन झाले. त्यांपैकी कोटासॉरसच्या नावात कोटा गावाचे नाव आहे. पिसदुरा येथील जीवाश्मरूप विष्ठेच्या अभ्यासातून २००५ मध्ये गवताचे सूक्ष्म सिलिकामय कण आढळले. डायनोसॉरांच्या काळातही गवत अस्तित्वात होते, हे त्यावरून सिद्ध झाले. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे.

वनस्पती आणि सरीसृप यांखेरीज इतर नावांतही हिस्लॉप यांची आठवण राहिली आहे. नागपूरच्या गोड्या पाण्यात सापडलेल्या एका शेवाळजीवी प्राण्याच्या वंशाला मुंबईचे हेन्री जॉन कार्टर यांनी १८५८ मध्ये हिस्लॉपिया हे नाव दिले. ते आजही वापरात आहे. टाकळीजवळ मिळालेल्या हिरव्या खनिजाला सॅम्युअल हॉटन यांनी १८५९ मध्ये हिस्लॉपाइट म्हटले होते. ते कॅल्साइट आणि ग्लॉकोनाइट यांचे मिश्रण असल्याने स्वतंत्र खनिज म्हणून आता गणले जात नाही.

हिस्लॉप यांच्या संग्रहातील मांगलीच्या कवटीसारखे महत्त्वाचे नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. नमुन्यांसोबत ठिकाण आणि थर यांची नोंद असल्यामुळे खडकांची वये बदलल्यानंतरही पुढील पिढ्यांतील संशोधकांना त्याच जागी जाऊन फेरतपासणी करता आली.